सामान्य

कुरेसारे बंदरावरच्या कचेरीत
दुपारी तीनलाच दिवे लागतात.
पिरेतच्या पडद्यावर फेरीबोटीची देखभाल-पुस्तिका,
पानं चारशे बारा,
लिहिणारा हेल्डुर, गेल्या मार्चात निवृत्त.

तिनं यंत्राला म्हटलं, अनुक्रमणिका कर.
यंत्र म्हणालं, एकही शीर्षक सापडलं नाही.

आणि शीर्षकं तर ढळढळीत समोर!
ठळक, सोळा, वर दोन रिकाम्या ओळी,
एकेक त्यानं हातानं सजवलेलं,
स्पेसबार दाबत दाबत मधोमध ढकललेलं
उथळ पाण्यातली होडी काठीनं रेटावी तसं.
यंत्राच्या लेखी मात्र
‘मुख्य इंजिन’ सामान्य,
‘आग लागल्यास’ सामान्य,
आणि ‘किल्ली परत खुंटीला लावावी’ हेही सामान्यच.
मुंडावळ्या बांधून पंगतीला बसलेले
तीनशे चाळीस जण,
नवरदेव एकही नाही.

पानं उलटता उलटता तिला त्याचा हात कळत जातो.
एकशे सत्तरनंतर सोळाचा पंधरा होतो.
दोनशे तीसवर एक शीर्षक डावीकडे कलंडलंय.
पुढे सात पानं अधोरेखित,
मग तो नाद सोडलेला.
चष्मा बदलला असेल.
शुक्रवार असेल.

ती यादीतून एक शैली निवडते: शीर्षक १.
पुढच्या मोकळ्या जागा पुसत
एकेकाला विचारत जाते,
दिसतोस कसा ते राहू दे,
तू आहेस कोण?
अडीच दिवस जातात.

गुरुवारी हेल्डुर येतो, पेन्शनच्या कागदावर सहीला,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा.
तिच्या पाठीशी उभा राहतो.
तेवढ्यात वरून निरोप: शीर्षकं डावीकडे घ्या, निळी करा.
पिरेत एकाच जागी बदल करते
आणि चारशे बारा पानं
एका दमात कूस बदलतात.

हेल्डुर बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, दोन हजार अकरात
मला काळ्याचं हिरवं करायला सांगितलं होतं.
माझा नाताळ या खुर्चीत गेला.
आणि हिरवं?
जानेवारीत परत काळं केलं.

तो मासा सोडवतो, बोटं कागदाला पुसतो.
हे ‘शीर्षक १’ नाव तू दिलंस?
नाही. ते आधीपासून तिथेच होतं.
एक आहे म्हणजे दोनही असेल.
नऊपर्यंत आहेत.

बाहेर शेवटची बोट भोंगा देते.
ती त्यालाच पकडायची असते.
तो खुर्ची ओढतो.
दाखव, म्हणतो.