पास

गेटवर परमार, गालात मावा.
"पास, बेन?"
पर्समध्ये चाचपून हाताला लागलं ते पुढे केलं.
त्यानं कार्ड उजेडात धरलं, मागून पुढून पाहिलं.
"आ तो गरबानो छे."
खरंच. अष्टमीचा, केशरी,
कोपऱ्यात टिपऱ्या उगारलेली बाई.
हॉस्पिटलचा गुलाबी. तो हेमांगीकडे
आणि हेमांगी न्यायमंदिरापाशी रिक्षात अडकलेली.

"कोनी पासे जवुं छे?"
कुणाच्या जवळ, असं विचारतोय.
जवळ जायचं तर पास हवा,
आणि जवळला इथे म्हणतातच पासे.
मी एकटीच हसले. परमारनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

बाबा प्रतापनगरच्या वर्कशॉपात फिटर.
मे महिन्यात रेल्वेचा पास निघायचा.
टी. एम. खोपकर, पत्नी, दोन मुली, अविवाहित.
आईला त्या कागदावर नाव नव्हतं
आणि आम्हाला वय होतं फक्त.
टीसी आला की बाबा पास उलगडायचे
सत्यनारायणाची पोथी उलगडावी तसा.
माझं लग्न झालं त्या वर्षी
मी त्या कागदावरून उतरले.
स्टेशन कुठलं होतं, लक्षात नाही.

जेवणाच्या सुट्टीत चौघांचा डाव.
हातात काही नसलं की बाबा म्हणायचे, पास.
चेहऱ्यावर रेघ नाही. बोली पुढच्याकडे.
घरीही तेच.
आईनं विचारलं दुधी की तोंडली, पास.
माझ्यासाठी आलेले फोटो टेबलावर मांडले,
चश्मा पुसला, पास.

दहावीला गणितात पस्तीस,
त्यातले दोन ग्रेसचे.
आई देवापुढे काही बोलेना.
बाबा मांडवीतून लीलो चेवडो घेऊन आले, अर्धा किलो.
"गाडीत चढलीस ना? मग डबा कुठला ते कशाला बघतेस?"

काल दुपारी त्यांची नळी काढली.
डॉक्टर म्हणाले, आपोआप झाली की घरी.
तेव्हापासून मॅकवान सिस्टर दर अर्ध्या तासाला
खाटेच्या पायथ्याशी:
"दादा, पास थयुं?"
अख्ख्या वॉर्डाला माझ्या बाबांचा निकाल हवा होता.
नळ सोडून झाला. जिरं घातलेलं पाणी झालं.
पहाटे चारला बाबा भिंत धरून आले,
कानाशी वाकले आणि म्हणाले,
"पस्तीस."

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा पुतण्या
त्याच पहाटे पॅसेजमध्ये फोनवर, इंग्रजीत, हळू आवाजात.
पास्ड, एवढं ऐकू आलं.
पुढचा शब्द लिफ्टच्या दारात गेला.
सात वाजता तिथे धुतलेली चादर,
चादरीवर कुणीतरी विसरलेली सुडोकूची वही.

मराठीत हा शब्द मी एकटा उभा पाहिलेला नाही.
पासून झाला की निघतो,
पाशी झाला की बूड टेकतो.
परमारशी हे बोलण्यात अर्थ नव्हता.
मी पायरीवर बसून राहिले.

हेमांगी आली, घामाघूम, गुलाबी कागद हातात.
"एक पासे एक जण," परमार.
केशरी कार्ड मात्र अजून त्याच्याच हातात होतं.
"बेबी माटे चाले?"
त्याची मुलगी बारावीत, त्यानं आपण होऊन सांगितलं.
मी पर्समधलं दुसरंही काढून दिलं, मैत्रिणीसाठी.
त्यानं रस्त्यावरच्या एका बसकडे
फार लक्ष देऊन पाहिलं
आणि आम्ही दोघी एका कागदावर आत गेलो,
अविवाहित असल्यासारख्या.

बाबा जागे होते. खिडकीतून कुठल्यातरी मैदानातल्या
माइकचं हॅलो हॅलो.
मी मोसंबीचा रस पुढे केला.
त्यांनी पेल्याकडे पाहिलं, हेमांगीकडे, मग माझ्याकडे,
आणि पत्ते ठेवावेत तसा
हात चादरीवर पालथा टाकला.
"पास."

मग मीच प्यायले. आंबट होता.