चित्रातला आणि तिचा

हरेन्नाच्या रानात धुकं सकाळी उठत नाही,
नुसतं कूस बदलतं.
शेवाळाच्या दाढ्या दुपारपर्यंत ठिबकत राहतात.
खाली, कुणीच न लावलेली कॉफी
आपली आपण लाल होते.

बुरतुकान टोपली कमरेला बांधते.
उजवा हात फळांना, डावा काठीला.
आधी काठी, मग पाऊल:
सासूने शिकवलं होतं,
कारण मात्र सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी, उघडिपीच्या दिवशी,
काठी टेकली ती जमिनीवर नाही.
पाचोळ्याने श्वास घेतला,
लोहाराच्या भात्यासारखा, लांब.
मग वेटोळं दिसलं.
हिरवं. पानाचं हिरवं नव्हे,
कच्च्या फळाचंही नव्हे,
घशाला कोरड पाडणारं हिरवं,
आणि त्यावर काळे त्रिकोण,
जणू कुणी कोळशाने काही मोजत गेलं
आणि मध्येच आकडा विसरलं.
डोळा तिच्याकडे होता
की तिच्या मागच्या झाडाकडे, कळेना.

ती थांबली. तो तर थांबलेलाच.
टोपलीतून एक फळ निसटलं,
त्याच्या पाठीवर पडलं, घरंगळलं.
त्याने काही केलं नाही.
एवढंच.
पाय मात्र घरी येईपर्यंत तिचे नव्हते.

पुढे कधीतरी जीप आली.
अदिस अबाबाहून दोघे,
रबरी बूट, लांब चिमटा,
आणि एक फोटो:
पन्नास वर्षं स्पिरिटच्या बरणीत राहिलेला,
रंग उतरून चहाच्या गाळासारखा झालेला.
ओब्बो हुसेनोने आपल्या मधमाश्यांची शपथ घेतली, नाही पाहिला.
पोरं दहा बिरसाठी म्हणाली, रोज पाहतो,
केवढा? तर झाडाएवढा.
चार दिवस त्या दोघांनी साप साप म्हणत
खरोखरच भुई धोपटली.

शेवटी कागद बुरतुकानपुढे आला.
तिने हात पुसले. उजेडाकडे धरून नीट पाहिलं.
खोटं बोलायची सवय नव्हती.
‘हा नाही,’ म्हणाली. ‘माझा हिरवा होता.’

त्यातला तरुण हसला, वहीत लिहिलं:
झाडावरचा साधा साप. निरुपद्रवी.
तिला वाचता येत नव्हतं.
तिने दोघांना कॉफी दिली, मीठ घालून,
आणि ते बिचारे तोंड वाकडं न करता प्यायले.

जीप उतारावरून गेली.
चाकोरीत पाणी साचलं.

दुसऱ्या दिवशी तिने काठी बदलली.
हातभर लांब घेतली.