वरातीची कॉन्टेसा

सीट काढल्या तेव्हा गालिच्याखाली
मूठभर अक्षता निघाल्या,
काही अजून पिवळ्या,
काही उंदरांनी कुरतडलेल्या.
मुनीर म्हणाला, वजन कमी करायचंय नव्हं? काढ ह्या पण.
मी त्या डॅशच्या कप्प्यात टाकल्या.

बावीस वर्षं बाबांनी ही गाडी
पहिल्या गिअरात चालवली.
पुढं बँड, मागं फेटे उडवत नाचणारी पोरं,
बोनेटवर झेंडूची जाळी,
राजारामपुरी ते मार्केट यार्ड दोन तास,
अर्ध्या क्लचवर.
मीटरवर किलोमीटर थोडेच.
क्लचप्लेटा मात्र अकरा झाल्या,
बिलं त्यांनी तारेला टोचून ठेवलीत.

उद्यमनगरात मुनीर शिकलगारचं लेथ
रात्री नऊनंतर माझं.
हेड वीस थाऊ घासलं.
मागचा डिफ वेल्ड करून दोन्ही चाकं एका मताची केली.
नकल कापले, लांबवले, पुन्हा जोडले,
स्टिअरिंग आता इतकं वळतं की टायर फेंडरला चावतो.
शिरोलीतून एक ब्रॅकेट ओतून आणला,
त्यात भोकं निघाली. दुसरा आणला.
पाइप वाकवून केज घातला,
माझ्या बांगडीचा कडा त्यात अडकला
आणि मुनीर इतका हसला की वेल्डिंगचा काचच पडला त्याचा.

बाबा रोज यायचे.
दारातल्या ड्रमवर बसायचे, चहा प्यायचे,
काढलेला दरवाजा उन्हात झाकून ठेवायचे
आणि बोलायचे नाहीत.

गाळप बंद असतं तेव्हा कारखान्याचं यार्ड मोकळं.
उसाच्या ट्रॉल्यांनी गुळगुळीत केलेलं काँक्रीट,
कोपऱ्यात मळीचा आंबट वास,
वॉचमन तुकोबा वरुटे, हातात शिट्टी, वाजवत नाही.
पहिल्यांदा हँडब्रेक ओढला
आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरून
वजनकाट्याकडं तोंड करून उभी.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा डावा टायर फाटला.
चौथ्यांदा एक्सल तुटला, मग आठ दिवस काही नाही.

मग एका सकाळी
मागचा भाग सुटला, मी उलटं स्टिअरिंग धरलं,
आणि ती सुटली नाही.
आडवी चालली. खिडकीतून
समोरचा रस्ता बघत चालले मी.
चिमणी बाजूनं सरकत होती,
वॉचमनही सरकत होता,
बाबा ड्रमवरून उठलेले सरकत होते,
धूर पांढरा, रबरी, गोड,
आणि कप्प्यात काहीतरी खुळखुळत होतं.

थांबले. कान सुन्न.
मुनीर ओरडत होता काहीतरी, नाद खुळा म्हणाला असेल.
बाबा शेजारच्या सीटवर चढले,
केजच्या पाइपावरून पाय उचलताना गुडघा धरून.
पट्टा कसा लावायचा ते विचारलं नाही,
दोनदा चुकून तिसऱ्यांदा लावला.
एक फेरी. त्यांचा हात सवयीनं
बाहेर जायला निघाला,
वऱ्हाडाला बाजू करायला,
पण जाळी होती.

उतरताना चाकाजवळ वाकले,
नाक ओढलं.
क्लच जळतोय, म्हणाले.
बारावी प्लेट आणून ठेव.