नववी

फेरीबोटीवर तिकिटं फाडतो मी.
धोपाव्याहून दाभोळ, दाभोळहून धोपावे,
दिवसाला पंधरा-वीस खेपा.
एवढा प्रवास करून कुठंच न गेलेला माणूस
मुलीला काय सांगणार, जा की राहा?

कागद आला एप्रिल संपता संपता.
दापोलीची अकादमी. खो-खोच्या फिरत्या संघात निवड.
बावीस दिवस, चार गावं: सांगली, इंदूर, जालंधर,
चौथ्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
मॅटवर खेळायचं. बूट स्वतःचे.
अठरा हजार, दोन हप्त्यांत चालतील.
खाली पालकाची सही,
त्यासाठी ठिपक्यांची एक लांब रेघ.

इकडे शाळेचं मैदान. मैदान म्हणजे कातळ,
वर नाचणकर सरांनी पदरमोड करून टाकलेली
दोन डंपर माती.
सुट्टीतही साडेपाचला शिट्टी.
पोरींचे गुडघे सगळा मे महिना लाल,
माती कुठली, रक्त कुठलं,
ते आंघोळीच्या दगडावरच कळतं.
गुहागरची स्पर्धा पंधरा तारखेला.
आठ बसतात, नववी धावते.
शाळेकडे पोरी मोजून नऊ.

सर घरी आले. चहा घेतला. कागदाकडे बघितलंच नाही.
म्हणाले, "प्राप्ती खांबावर सूर मारते ना,
तेव्हा मी शिट्टी वाजवायला विसरतो."
उठताना चपला शोधत राहिले.
पायातच होत्या.

तिची आई काजूच्या कारखान्यात, किलोवर.
बोटं चिकानं काळी.
अठरा हजार म्हणजे किती किलो,
हा हिशेब तिनं मोठ्यानं केला नाही.
एवढंच म्हणाली, "जाऊ दे."
आपल्याकडे या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात.
कुठला घ्यायचा, मी विचारलं नाही.

चार दिवस प्राप्ती अंगणात उकिडवी,
पाटीवर बसतात तशी,
टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला.
खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, नियमच आहे.
आणि देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं, हाही.
मी कसा देणार?
मी तर कधीचा बसलेलोच.

पाचव्या रात्री अंधारात म्हणाली,
"बाबा, आफरीन कुणाला खो देईल?"
म्हटलं, तुला तिथं दुसरी कोणी देईल की.
"तसं नसतं ते.
तिचा हात मला पाठीला आधीच कळतो."
मग बराच वेळ नुसता पंखा.
सकाळी रेघेवर सही केली.
ठिपके संपले तरी माझं नाव उरलं होतं.

सोमवारची दुसरी खेप.
नवी बॅग, पांढरा ट्रॅकसूट, बूट खोक्यातच.
बारा उलटलेली, म्हणून पूर्ण तिकीट फाडलं.
मालकाचा हिशेब मालकाला.
ती फळीपाशी थांबली,
एक पाय धक्क्यावर, एक लोखंडावर.
मागे दोन रिक्षा, बर्फाचा टेम्पो, एक नवरदेवाची गाडी,
सगळे हॉर्न एकदम.

आणि त्या गाड्यांमधून
अनवाणी, सरावातूनच धावत आलेली आफरीन मुकादम.
पाठीत सणसणीत पंजा:
"खो!"

एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही.
प्राप्ती थेट बोटीच्या पुढच्या टोकाला.
वळली नाही.
पांढऱ्या पाठीवर पाच लाल बोटं
दाभोळपर्यंत माझ्यासमोर.

परत धोपाव्याला लागलो
तर आफरीन धक्क्यावर तशीच,
उकिडवी, तोंड खाडीकडे.
म्हटलं, घरी जा गो, ऊन चढलं.
म्हणाली, "काका, नववी कोण?"

माणसं चढायला लागली होती.
मी सुट्टे मोजत राहिलो.