कलम कोणतं

सानपाड्यात, चौथ्या मजल्यावर, जेवणं उरकली की
शाल्मली मला रणगाडे दाखवते.
शाळकरी मुलींचा सामना, भरबाजारात,
गोळे खरे.
गाडी हरली की टपावर पांढरं निशाण
आपोआप उभं राहतं.

वीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्यांचे सर्व्हे करतोय,
गप्प बसवत नाही.
गोळा खरा, तर आतली पोरगी वाचते कशी?
"आतून अस्तर असतं, बाबा. खास."
कसलं, गोधडीचं?
आणि ती कॅप्टन, झाकणातून कमरेपर्यंत बाहेर?
"तिला लागत नाही."
हा नियम की नशीब?
मिठाईवाल्याचं दुकान रिव्हर्स घेताना गेलं,
तो हसतो का?
"भरपाई मिळते ना."
किती दिवसांत?

ती चित्र थांबवते.
"तुम्ही घणसोलीला कबड्डी खेळायचात.
मेलेला गडी परत जिवंत व्हायचा,
ते कुठल्या कलमात बसतं?"

हेमू भोईर एका सामन्यात चारदा मेला होता,
चारदा उठला, मांडीवरची माती झटकत.
कोणी पुरावा मागितला नाही.

मी पाणी प्यायला उठतो.
टेबलावर उद्याची फाइल. उरण फाटा, टेम्पो,
केबिन इंजिनात घुसलेली.
फोटो चारी बाजूंनी काढलेत.
टपावर काहीच उभं नाही.

लाव पुढे, म्हटलं.
ती लावते.
धूर, शिट्टी, मिठाईवाला पुन्हा हसतो.
बरं, हसू दे.
पण त्या कॅप्टनला, म्हटलं,
निदान एक हेल्मेट द्या.