अडीच वाजता कोण जागं असतं

आदेलिनो, तू लक्झेंबर्गहून विचारतोस,
तिन्हींपैकी कुठलं बरं?
पैसे किती, बाग आहे का, डॉक्टर रोज येतो का.
सगळं वहीत लिहिलंय.
तेवढ्यावर ठरलं असतं तर
मी मंगळवारीच सही करून मोकळी झाले असते.

पहिलं ब्रागाच्या बाहेर, टेकडीवर.
फरशी अशी लखलखीत की
बाबा दारातच थांबून बूट काढू लागले.
आमच्याकडे सगळे नऊला झोपतात, बाई म्हणाली.
आणि नाही झोपले तर?
झोपतात.
हसून म्हणाली. गोळीचं नाव मी विचारलं नाही,
फार्मसीत बावीस वर्षं काढलीत मी.

दुसऱ्यात जेवायला बसवलं.
बाबांनी पाव उचलला, उलटा केला,
बुडावर दोन बोटांनी टकटक केली,
कानाशी धरला.
'कालचा,' म्हणाले, आणि कोटाच्या खिशात टाकला.
त्या दिवशी त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

तुला आठवतं ना,
आपल्या घरातली रात्र अडीचलाच संपायची.
जिन्यावर पावलं, खाली भट्टीचं दार,
मग लाकडाचा धूर आपल्या अंथरुणात.
बावन्न वर्षं.
भट्टी विकली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे,
पण अडीच तेवढे कुणी विकत घेतले नाहीत.
अजून उठतात. पांघरुणाचा गोळा करून
तिंबत बसतात, मनगटापासून जोर लावून,
कड आत, कड आत,
मग ओला फडका समजून
माझा टॉवेल वर झाकतात.
मार्चमध्ये दार उघडून गेले. तुला सांगितलं नव्हतं.
दुकानाच्या शटरपाशी सापडले,
पोलिसाला समजावत होते,
पीठ फुगलंय, आता उशीर नको.

तिसरं गिमाराइंशच्या रस्त्यावर, टायरच्या गोदामाशेजारी.
भिंतींना पोपडे, उकडलेल्या कोबीचा वास,
एक म्हातारी सारखी कुणा ओदेतला हाक मारते.
तिथेही मी तेच विचारलं,
रात्री अडीचला इथे कोण जागं असतं?
ऑफिसातला मुलगा गोंधळला.
मागे चादरी मोजणारी बाई म्हणाली, 'मी.'
इव्हानिल्दा, केप व्हर्देची, रात्रपाळीवाली.
'मी, आणि तीन नंबरचे. ते रेल्वेत होते.
आम्ही पत्ते खेळतो. ते लबाडी करतात.'
मग बाबांना विचारलं, 'तुम्ही कोण होता?'
होता. मला खटकलं.
बाबांनी तिचे हात धरले,
उलटसुलट करून पाहिले.
'पीठ मळता येतं?'
'नाही,' ती म्हणाली.
खोटं बोलली असती तर मी तिथूनच परतले असते.

शनिवारी सही केली.
बागेचं म्हणशील तर एक लिंबाचं झाड आहे,
तेही गोदामाकडे झुकलेलं.
बरोबर केलं का, ते विचारू नकोस.
कोट इथेच राहिला,
खिशातला पाव मी अजून काढलेला नाही.

काल रात्री आपोआप जाग आली.
घड्याळ बघायची गरज नव्हती.
डाव रंगला असेल, म्हटलं,
किंवा नसेल, पहिलीच रात्र.
फोन उचलला, ठेवला.
तुझ्याकडे साडेतीन झाले असणार.
तुला उठवलं नाही.