वेळ संपल्यावर

आधी सांगून टाकते, तसा नियमच आहे:
मी तुझी डॉक्टर नव्हे. इथे जे बोलशील ते मी लिहीन,
जे लिहीन ते जज वाचतील, सरकारी वकील वाचतील.
नको ते बोलून गेलास, तर पुसायला
माझ्याकडे रबर नाही.
कळलं? तुझ्या शब्दांत सांग.

एलिसेओ बारागान, वय चौदा वर्षं सात महिने,
जमिनीला बोल्ट मारलेल्या खुर्चीवर
एक पाय मुडपून बसलेला,
जरा विचार करतो. मग म्हणतो,
"तुमचा कान म्हणजे जजचा खिसा."

एकोणीस वर्षं याकिमाच्या बालन्यायालयात
मी हेच विचारत आलेय.
बहुतेक मुलं म्हणतात, हो.
हो म्हणजे काय, तर म्हणतात, हो म्हणजे हो.
मी लिहिलं: सूचनेचा अर्थ समजला. उपमा देऊन बोलतो.
आणि लिहिता लिहिताच हात आखडला.
नेमकं हेच वाक्य उद्या समोरचा पक्ष उचलेल,
बघा, केवढी समज! पाठवा याला मोठ्यांच्या कोर्टात.
इतकं चोख बोलू नकोस रे,
असं सांगायची मला मुभा नाही.

वकील कशासाठी असते?
"ती बिस्किटं आणते."
बरं. हे बरं झालं.
आणि जज?
"उंचावर बसते. माझं आडनाव चुकीचं वाचते."

मग ठोकळे. नऊ, लाल नि पांढरे,
कार्डावरच्या नक्षीसारखे जुळवायचे
एकशेवीस सेकंदांत.
घड्याळ थांबलं तेव्हा एक कोपरा राहिला होता.
पुरे, म्हटलं. त्याने ऐकलं नाही.
जीभ दातांत धरून
शेवटचा ठोकळा फिरवला, पुन्हा फिरवला, बसवला.
अकरा सेकंद वर.
आणि बघितलं माझ्याकडे
पाटी दाखवायला आणलेल्या पोरासारखं.

शून्य गुण. पुस्तकात तसंच आहे.
मी शून्य मांडलं आणि, खोटं कशाला बोलू,
मला हायसं वाटलं: हे शून्य त्याच्या कामी येईल.
मुलाच्या चुकण्यावर खूश होणारी बाई
मी कधी झाले, आठवत नाही.

आगीबद्दल तो फार बोलला नाही.
सफरचंदांच्या रिकाम्या पेट्यांची चळत, मार्चअखेरची रात्र,
राखणदार वर्न स्टीगल, त्याचे दोन्ही तळहात.
"त्यांचे हात आता कसे आहेत?"
हे त्याने दोनदा विचारलं. दोन्हीदा लिहिलं.
अहवालात शब्दाखाली रेघ मारायची पद्धत नाही.
का पेटवलंस?
"थंडी होती."
याच उत्तरापुढे आधीच्या कुणीतरी फाइलीत लिहून ठेवलंय:
भावनाशून्य.

परत निघाले तेव्हा पारा झपाझप उतरत होता.
नाचेसच्या बाजूला बागांमधून शेगड्या पेटत होत्या,
ओळीने, कळ्या करपू नयेत हिवाने म्हणून.
झाडांच्या दोन रांगांमधून एक पोरगा पळत होता,
नऊ-दहा वर्षांचा असेल,
हातात तेल ठिबकणारी मशाल.
मागून कुणीतरी स्पॅनिशमध्ये ओरडलं: पुढची! पुढची!
तो वाकला, पेटवलं, पळाला.
मी गाडी कडेला घेतली
आणि काच खाली करून
धुराचा वास नाकात जाईपर्यंत बसून राहिले.

वडिलांचा व्यवसाय: शेतमजूर.
त्या रकान्यात एवढंच मावतं.
रात्री तू काय काम करायचास, कितव्या वर्षापासून,
हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

अहवाल शुक्रवारी द्यायचा. सत्तावीस पानं झालीत.
मंजूर तास संपले तुमचे,
काउंटीची बाई फोनवर सांगते.
संपू देत. उद्या सकाळी मी पुन्हा जाणार आहे.
तेच बजावावं लागेल सुरुवातीला, तोच खिसा, तोच कान,
आणि उत्तर कुणाला तारेल, कुणाला बुडवेल,
मला माहीत नाही.
घड्याळ मात्र नेणार नाही.